थोड्या सिगारेटी ओढणाऱ्यांनी कोणती ई-सिगारेट घ्यावी?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ३८ असून गेली काही वर्षे मी नोकरीनिमित्त लंडनजवळ क्रॉयडन येथे राहतो. दिवसाला चार-पाच सिगारेटी ओढतो, त्याही बहुधा ऑफिस सुटल्यावर. मध्यंतरी एकदाच वापरून फेकून देण्याचे व्हेप (म्हणजे ई-सिगारेटच) घेत असे, परंतु त्यांच्या विक्रीवर बंदी आल्यापासून ते मिळत नाहीत. दुकानात चौकशी केली असता विक्रेत्याने २० मिलिग्रॅमचे द्रव असलेले एक मोठे उपकरण पुढे केले आणि ‘हेच सगळे नेतात’ असे सांगितले. मला खिशात सहज मावेल अशी लहान आणि वापरायला सोपी ई-सिगारेट हवी आहे. कोणती घ्यावी, आणि मुळात इतक्या कमी सिगारेटींसाठी ती घेण्यात काही अर्थ आहे का?
– एक वाचक, क्रॉयडन

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तरावर पहिल्याचे उत्तर अवलंबून आहे. ‘चार-पाचच तर ओढतो’ हे वाक्य धूम्रपान करणाऱ्यांच्या तोंडी नेहमी असते आणि त्यामागचा हिशेब असा असतो की, वीसऐवजी पाच ओढल्या तर धोकाही चौथाईवर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत हा हिशेब काही प्रमाणात चालतो. हृदयाच्या बाबतीत मात्र तो साफ चुकतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की, दिवसाला केवळ एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा भरतो. त्यामुळे पाचावरून दोनावर येणे हे हृदयाच्या दृष्टीने फारसे कमावणे नव्हे. ई-सिगारेट घेऊन त्या पाचही सिगारेटी बंद होणार असतील तर तिचा उपयोग आहे. तीन सिगारेटी आणि उरलेला वेळ व्हेप असे होणार असेल, तर आपण खर्च वाढवून घेतला एवढेच म्हणता येईल.

आता एक गोष्ट स्वतःलाच विचारून पाहावी : सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने लागते? निकोटिनचे अवलंबन किती आहे हे ठरवताना डॉक्टर सिगारेटींच्या संख्येइतकेच महत्त्व या उत्तराला देतात. अर्ध्या तासाच्या आत तलफ येत असेल, तर सिगारेटी चारच असल्या तरी शरीराला निकोटिन हवे आहे असे समजावे. आपण लिहिता त्याप्रमाणे दिवसभर काही लागत नसून संध्याकाळी ऑफिसच्या दाराशी किंवा स्टेशनवरून घरी चालत जाताना हात खिशाकडे जात असेल, तर सवयीचा भाग मोठा आणि निकोटिनचा लहान आहे. अशा माणसाला उपकरणाची गरज पडतेच असे नाही. औषधाच्या दुकानात मिळणारा २ मिलिग्रॅमचा निकोटिन च्युइंगगम त्या ठरावीक वेळी घेणे आणि महिनाभर घरी जाण्याचा रस्ता बदलणे एवढ्यावर पुष्कळांचे भागते. आपल्या भागातील एनएचएसची (ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेची) धूम्रपान सोडण्यासाठीची सेवा मोफत आहे आणि तेथे आठवड्याला दोन सिगारेटी ओढणाऱ्यालाही कोणी हसत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण थोडे ओढणारे लोक संकोचापोटी तेथे जातच नाहीत.

हे करून पाहिले आणि जमले नाही, अथवा हातात-तोंडात काहीतरी असल्याशिवाय चैनच पडत नाही, असे असेल तर ई-सिगारेट हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. इंग्लंडमधील एनएचएसच्या याच सेवांकडे मदतीसाठी आलेल्या ८८६ लोकांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ई-सिगारेट दिलेल्या गटातील १८ टक्के लोक वर्षाअखेर सिगारेटमुक्त होते, तर निकोटिनचे गम, पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) आदी दिलेल्या गटातील ९.९ टक्के. मात्र त्याच चाचणीतील दुसरा आकडा विक्रेते कधी सांगत नाहीत. ई-सिगारेटच्या साह्याने सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. गम-पॅचवाल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. दिवसाला वीस ओढणाऱ्याच्या दृष्टीने हा सौदा तरीही फायद्याचा ठरू शकतो. आपल्यासारख्या चार-पाचवाल्याने मात्र येथे सावध राहावे. सिगारेट पेटवली की पाच-सात मिनिटांत संपते, तिच्यासाठी थंडी-पावसात बाहेर जावे लागते, पाकीट महाग असते. व्हेपला असा शेवटच नसतो. तो टेबलावर पडलेला असतो, एक झुरका घेतला की पुन्हा ठेवता येतो, आणि बघता बघता दिवसाला पाच वेळा निकोटिन घेणारा माणूस पन्नास वेळा घेऊ लागतो. उपकरण निवडताना माझा सगळा भर या एका धोक्यावर आहे, आणि पुढील सूचना त्याच दृष्टीने वाचाव्यात.

द्रवाची तीव्रता ही पहिली बाब. ब्रिटनमध्ये कायद्याने कमाल मर्यादा मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम निकोटिनची आहे. काही बाटल्यांवर तीच ‘२ टक्के’ अशी लिहिलेली असते. आपल्याला पुढे केलेले २० मिलिग्रॅमचे द्रव म्हणजे त्या मर्यादेचे टोक असून, ते सकाळपासून पाकीट संपवणाऱ्यासाठी ठीक आहे. आपण ६ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी. ‘निकोटिन सॉल्ट’ प्रकारचे द्रव घेणार असाल तर १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. या सॉल्टविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. त्यात निकोटिनला आम्लाची जोड दिलेली असल्यामुळे ते घशाला फारसे झोंबत नाही आणि ठसका लागत नाही. ‘गुळगुळीत झुरका’ म्हणून त्याची जाहिरात होते. परंतु थोडे ओढणाऱ्याला घशाची ती झोंब उपयोगाची असते, कारण पुरे झाले हे ती सांगते. मळमळ, डोके हलके होणे, उचकी किंवा डोकेदुखी जाणवली तर तीव्रता जास्त झाली असे समजावे. उलट दर दोन मिनिटांनी झुरका घ्यावासा वाटला तर ती कमी पडते आहे.

उपकरणाबद्दल बोलायचे तर पुन्हा भरता येणारे लहान ‘पॉड’ (द्रवाची छोटी कुपी) उपकरण घ्यावे. तयार भरलेले पॉड बसवण्याचे उपकरण वापरायला त्याहून सोपे असते हे खरे, पण त्यात तीव्रतेची निवड फार थोडी असते आणि दुकानात बहुतेक वेळा २० मिलिग्रॅमचेच पॉड टांगलेले दिसतात. स्वतः भरण्याच्या पॉडमध्ये ६ वरून ३ वर आणि ३ वरून शून्यावर येता येते, आणि आपल्याला नेमके तेच करायचे आहे. बटण नसलेले, झुरका घेताच सुरू होणारे उपकरण पुरेसे आहे. बॅटरी ५०० ते ८०० मिलिअँपिअर-तासांची असली तरी आपल्या वापराला दिवसभर सहज पुरेल. त्याहून मोठ्या बॅटरीसाठी पैसे मोजू नयेत. कॉइलचा (द्रव तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) रोध १ ओमच्या आसपास असावा. रोध जसा कमी तशी वाफ जास्त आणि झुरका मोकळा, असे साधारण गणित आहे. अर्ध्या ओमच्या खालच्या कॉइल्स वाफ थेट छातीत ओढणाऱ्या हौशी मंडळींसाठी असतात. सिगारेट ओढणारा माणूस धूर आधी तोंडात घेतो व मग आत घेतो, म्हणून हवेची वाट थोडी आवळलेली असलेले उपकरणच त्याला सवयीचे वाटते. दुकानात पॉड नसलेले उपकरण उगाच उलटसुलट करून पाहण्यापेक्षा हवेचे भोक लहान-मोठे करता येते का, एवढे विचारावे.

पॉड भरण्याची रीत पहिल्यांदा समजून घेतली नाही तर लोक उपकरणाला नावे ठेवतात. पॉडच्या कडेला रबरी बूच असते. ते नखाने उचलून बाटलीची चोच आत पूर्ण टेकवावी आणि द्रव सावकाश सोडावे. काठोकाठ भरू नये, वर थोडी हवा राहू द्यावी. बूच दाबून बसवल्यावर बाहेर आलेला थेंब कागदी रुमालाने टिपावा आणि त्यानंतर दहा मिनिटे पॉड तसाच ठेवावा. आतल्या कॉइलभोवती कापसाची वात असते. ती पुरती भिजण्याआधी झुरका घेतला तर कापूस करपतो आणि जळकट चव येते. ती चव पुढे कितीही द्रव घातले तरी जात नाही, पॉडच टाकावा लागतो. एरवी एक पॉड आपल्या वापराला दोन आठवडे चालायला हरकत नाही.

स्वादाबाबत माझे मत अनेकांना रुचणार नाही. कलिंगड, आंबा, बबलगम यांसारख्या गोड स्वादांमुळे सिगारेट सोडणे सोपे जाते असे बरेच जण सांगतात, आणि जास्त ओढणाऱ्यांच्या बाबतीत ते खरे असेलही. पण आपण तंबाखूचा किंवा साधा पुदिन्याचा स्वाद घ्यावा. जी वस्तू खाऊसारखी लागते ती खाऊसारखीच खाल्ली जाते.

खरेदी औषधाच्या दुकानातून किंवा जबाबदार विक्रेत्याकडून करावी. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक उत्पादनाची नोंद एमएचआरए या नियामक संस्थेकडे करावी लागते, पॉडची क्षमता २ मिलिलिटर व द्रवाच्या बाटलीची १० मिलिलिटरपेक्षा जास्त असता कामा नये, आणि रंग, कॅफिन, जीवनसत्त्वे असे पदार्थ द्रवात घालण्यास मनाई आहे. ‘५ टक्के’ असे लिहिलेली वस्तू गल्ल्याखालून काढून कोणी दिली, तर ती तेथेच परत करावी. १ ऑक्टोबर २०२६ पासून १० मिलिलिटर द्रवामागे २.२० पौंड कर लागू करण्याचे ठरले आहे, तेव्हा किमतींची तुलना करताना तेही ध्यानात असू द्यावे.

वापराचा नियम एकच सुचवतो. ज्या वेळी आणि ज्या ठिकाणी आपण सिगारेट ओढत होता, त्याच वेळी आणि तेथेच जाऊन व्हेप ओढावा. घरात, गाडीत, कामाच्या टेबलाशी कधीही नाही. सुरुवात कराल त्या दिवसापासून सिगारेटचे पाकीट जवळ ठेवू नये. सिगारेट विसरल्यासारखी झाली की तीव्रता एकेक पायरीने उतरवावी, घाई करू नये. मात्र उतरवण्याची तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नसल्यामुळे डांबर व कार्बन मोनॉक्साइड नसते, म्हणून ती सिगारेटपेक्षा कितीतरी कमी अपायकारक आहे. तरी ती निरुपद्रवी नाही, आणि ही वस्तू बाजारात येऊन जेमतेम वीसेक वर्षे झालेली असल्याने तीस-चाळीस वर्षांच्या वापराचा अनुभव जगात कोणाकडेच नाही.

प्रश्न : वरील विषयाशी संबंधितच माझी शंका आहे. माझे पती दिवसाला तीन-चार सिगारेटी ओढतात. माझे दीर लंडनला असतात आणि दिवाळीला येताना एक चांगली ई-सिगारेट घेऊन येतो असे म्हणतात. भारतात बंदी आहे असे ऐकले, पण घरच्या वापरासाठी एखादी आणली तर चालते ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : चालत नाही, आणि आपल्या दिरांना हे वेळीच कळवावे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी निघालेल्या वटहुकमाने आणि त्याच वर्षी संसदेने केलेल्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी घातली आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. ‘घरच्यासाठी एकच’ अशी सवलत आयातीच्या कलमात दिलेली नाही. क्रॉयडनच्या वाचकांनीही सुट्टीत घरी येताना आपले उपकरण तिकडेच ठेवून यावे आणि प्रवासासाठी गम किंवा पॅच घ्यावेत.

येथे चोरून जे विकले जाते त्याच्या वाटेलाही जाऊ नये. त्यावर कोणाचीही तपासणी नसते आणि आत काय भरले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. अमेरिकेत २०१९ साली व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या गंभीर आजाराची जी साथ आली, तिचा मुख्य संबंध गांजातील अर्क असलेल्या, बहुतांशी अनधिकृत मार्गाने मिळालेल्या द्रवांत मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या एका रूपाशी निघाला होता.

आपल्या पतींसाठी येथे मिळणारा २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम पुरेसा ठरावा. तो साध्या गमसारखा सतत चघळायचा नसतो. जिभेला चुरचुर जाणवेपर्यंत सावकाश चावावा आणि मग गाल व हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवावा. चुरचुर थांबली की पुन्हा चावावा. त्याआधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी घेऊ नये, नाहीतर निकोटिन नीट शोषले जात नाही, आणि आपल्याकडे सिगारेट व चहा यांची जोडी ठरलेली असल्यामुळे नेमके येथेच फसते. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटींच्या विक्रीला सप्टेंबर २०२० पासून बंदी असली, तरी टपरीवर एखादी सुटी मिळतेच. पतींची टपरी ठरलेली असेल तर चहा काही दिवस दुसरीकडे घ्यावा. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशकांशी बोलता येते. फोन आपण लावून देऊ नये, त्यांना स्वतःला लावू द्यावा.

प्रश्न : मुलगा ई-सिगारेट वापरतो. आमची दोन वर्षांची नात घरात फिरत असते. द्रवाच्या बाटलीचा तिला काही धोका आहे का?
– एक आजी, लेस्टर

उत्तर : आहे. लहान मुलाच्या पोटात थोडेसे द्रव गेले तरी निकोटिनची विषबाधा होऊ शकते, आणि फळांच्या स्वादाचा वास मुलांना ओढून घेतो. बाटलीचे झाकण मुलांना न उघडण्याजोगे असते, परंतु त्यावर किंवा पॉडच्या रबरी बुचावर विसंबू नये, म्हणून बाटलीबरोबर उपकरणही औषधांच्या कुलूपबंद कपाटात ठेवावे. हाताला द्रव लागल्यास साबण-पाण्याने लगेच धुवावे. नातीने ते तोंडात घातल्याची शंका जरी आली तरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता एनएचएसच्या १११ या क्रमांकावर फोन करावा; ती पेंगुळलेली दिसली, उलट्या करू लागली किंवा श्वास वेगळा वाटला तर थेट ९९९ या तातडीच्या क्रमांकावर. रिकामे झालेले उपकरण घरच्या कचऱ्यात टाकू नये, आतल्या लिथियम बॅटरीमुळे आग लागू शकते. व्हेप विकणारे दुकान ते परत घेण्यास बांधील असते.