‘आत्मकथन’मधला ‘आत्म’ म्हणजे आत्मा नव्हे

प्रश्न असा आला आहे: आत्मचरित्र, आत्मकथन आणि आठवणी यांत फरक काय? दया पवारांचं ‘बलुतं’ किंवा ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ अशा दलित लेखकांच्या पुस्तकांना काही अभ्यासक ‘स्वकथन’ म्हणतात, ते का?

पहिला भाग चटकन संपवतो. जन्मापासून लिहित्या वयापर्यंतचं आयुष्य क्रमाने मांडलं, की आत्मचरित्र. आयुष्याचा एखादा तुकडा, एखादा काळ बोलल्यासारखा सांगितला, की आत्मकथन. लिहिणारा स्वतः कडेला उभा राहून माणसं आणि काळ दाखवत असेल, तर आठवणी. सीमा पुसट आहेत आणि त्या पुसट असल्याने कुणाचं काही अडत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. प्रकाशन समारंभात निवेदक हमखास म्हणतात, ‘सरांच्या जीवनावरील आत्मचरित्र त्यांच्या शिष्याने लिहिलं आहे.’ शिष्याने लिहिलं ते चरित्र! आणि ‘माझं स्वतःचं आत्मचरित्र’ म्हणणाऱ्यांनी तरी सांगावं, दुसऱ्याचं आत्मचरित्र लिहायची सोय कुठे आहे?

आता ‘स्वकथन’. या शब्दामागचा युक्तिवाद मला माहीत आहे. दलित लेखकांनी बौद्ध धम्म स्वीकारला, धम्म आत्मा मानत नाही, म्हणून त्यांच्या लेखनाला ‘आत्म’ हे पद लावू नये, असं समीक्षेत मांडलं गेलं आणि पुढे ते पाठ्यपुस्तकी उत्तरासारखं उचललं गेलं. हेतू चांगला आहे, व्युत्पत्ती कच्ची आहे.

समासात येणारा ‘आत्म’ हा देहात राहणारा, अमर वगैरे आत्मा नसतो. संस्कृतात ‘आत्मन्’ हे निव्वळ ‘स्वतः’ या अर्थाचं सर्वनामासारखंही वापरतात, आणि ते सर्वनाम आपण रोज तोंडी घेतो. आताच घेतलं: ‘आपण’. आत्मन्, मग प्राकृतातलं अप्पा, अप्पाण, मग मराठी आपण. आप, आपला, आपसूक, आपोआप, आपमतलबी ही सगळी याच घरची. (‘आप्त’ मात्र नाही. तो ‘आप्’ म्हणजे मिळणे या धातूचा. ‘आपला तो आप्त’ हे ऐकायला गोड वाटतं, इतकंच.)

‘त्म’चा ‘प्प’ कसा झाला, असं कुणी विचारलं की मला फार आनंद होतो, कारण त्याचं उत्तर दगडावर कोरलेलं आहे. जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याशी सम्राट अशोकाचे लेख आहेत, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले. त्यातल्या बाराव्या लेखात राजा सांगतो, की विनाकारण आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये. ‘आपला पंथ’ यासाठी तिथे शब्द आहे ‘आत्पपासंड’. ‘आत्प’! ‘म’ जाऊन ‘प’ आला आहे, ‘त’ अजून तग धरून आहे. पुढे ‘त’ही ‘प’मध्ये मिसळला आणि ‘अप्प’ झालं. शब्द बदलताना वाटेतच सापडावा, असं भाषेच्या अभ्यासात क्वचित घडतं. उत्तरेकडे, आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीला, त्याच लेखात ‘अत’ आहे, म्हणजे तिकडे ‘त’ टिकला. ‘प’ची वाट पश्चिमेची, आपल्या बाजूची.

बौद्ध ग्रंथांची भाषा असलेल्या पालीनेही ‘त’ राखला: अत्ता. धम्मपद या बुद्धवचनांच्या संग्रहात ‘अत्तवग्ग’ नावाचा अख्खा वर्ग आहे आणि त्यात ‘अत्ता हि अत्तनो नाथो’ ही ओळ येते. आपणच आपला धनी. ‘अत्त दीप भव’ तर महाराष्ट्रातल्या कितीतरी बुद्धविहारांत भिंतीवर लिहिलेलं असतं. अनत्ता, म्हणजे आत्मा नाही, असं शिकवणाऱ्या परंपरेला ‘अत्त’ हे सर्वनाम वापरताना अडचण वाटली नाही, ती मराठी समीक्षकांना का वाटावी? आणि ‘स्व’ तरी सोवळा कुठे आहे? बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने खोडून काढला तो ‘स्वभाव’च, म्हणजे वस्तूचं स्वतःचं स्वतंत्र अस्तित्व. तत्त्वज्ञानाच्या काट्यावर शब्द तोलायचे, तर ‘स्वकथन’ही बाद होईल.

मला याहून मोलाचं वाटतं ते या शब्दाने मराठीत काय काय केलं ते. ‘आपण बसावं’ यात तो समोरचा माणूस होतो. ‘त्याने आपलं घर विकलं’ यात तिसरा. ‘आपण नाय घाबरत’ म्हणणाऱ्या मुंबईकराच्या तोंडी तो चक्क ‘मी’ होतो. ‘मी आपली गप्प ऐकत राहिले’ यातल्या ‘आपली’चा अर्थ तर कुठल्याच कोशात पुरता मावत नाही. आणि ‘आपण जाऊ’ म्हटलं की बोलणारा ऐकणाऱ्याला बरोबर घेतो. ‘आम्ही जातो’ म्हटलं की ऐकणारा मागे राहतो. हिंदीच्या ‘हम’ला हा फरक दाखवता येत नाही.

म्हणून दलित लेखिका बेबीताई कांबळे यांच्या पुस्तकाचं नाव ‘जिणं आमुचं’ आहे याकडे मी पुनःपुन्हा पाहतो. ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः येत होतं. त्या वाचकांपुढे त्या ‘आपलं’ म्हणाल्या नाहीत. जे तुम्ही जगला नाहीत ते ‘आमुचं’, एवढं त्या एका सर्वनामात सांगून झालं.

आणि ‘बलुतं’, 1978 सालचं. त्यात दया पवारांच्या पुढ्यात दगडू मारुती पवार बसतो आणि आपली कहाणी सांगू लागतो. माणूस एकच. शाळेच्या दाखल्यावरचं नाव बोलतं आणि लेखक म्हणून घेतलेलं नाव ऐकतं. तुकोबांची ‘आपुलाचि वाद आपणांसी’ ही ओळ इथे अक्षरशः लागू पडते. ‘आपुला’ आणि ‘आपण’, दोन्ही ‘आत्मन्’चीच रूपं. तेव्हा ‘बलुतं’ला मी आत्मकथन म्हणतो आणि म्हणत राहीन.