'फाइन' म्हणजे छान, बारीक, ठीक की दंड?

तुमचा प्रश्न असा की 'फाइन' या इंग्रजी शब्दापुढे शब्दकोश उत्तम, बारीक, शुद्ध, ठीक, निरभ्र आणि वर दंड असे अर्थ देतो, मग वाक्य वाचताना त्यातला कोणता घ्यायचा? अर्थ पाठ करून हे जमत नाही. मी सुचवेन ती युक्ती अशी: त्या जागी उलट अर्थाचा कोणता शब्द बसेल ते बघा. 'जाडाभरडा' बसला तर फाइन म्हणजे बारीक. 'भेसळीचा' बसला तर शुद्ध. 'पावसाळी' बसला तर कोरडं, उघडलेलं. 'बिघडलेलं' बसलं तर नुसतं ठीक.

दंडाचं आधी उरकून टाकू. दोन्ही फाइनचं मूळ लॅटिनमधल्या 'फिनिस' या शब्दात आहे. त्याचा अर्थ शेवट किंवा सीमा. शेवटापर्यंत नेलेली, कसलीही उणीव न उरलेली वस्तू ती उत्तम, आणि तिथूनच पुढे शुद्ध, नाजूक, बारीक. तंटा मिटवायला भरायची रक्कम म्हणजे तंट्याचा शेवट, तो दंड. फिनिश, फायनल, रिफाइन आणि फायनान्ससुद्धा याच घराण्यातले. दंड हा नाम किंवा क्रियापद म्हणून येतो, त्यामुळे वाचताना सहसा घोटाळा होत नाही. अपवाद खनिजाच्या व्यवहाराचा. तिथे 'फाइन्स' दिसलं तर ते दंड नसून खनिजाचा चुरा असतो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या 'ठीक' या अर्थाच्या. इथे शब्दाची जागा महत्त्वाची. 'अ फाइन परफॉर्मन्स' म्हणजे दर्जेदार सादरीकरण. 'द परफॉर्मन्स वॉज फाइन' म्हणजे ठीक झालं, चालून गेलं. नामाच्या आधी आला की शब्दाला वजन येतं, 'वॉज'नंतर आला की ते बहुतेक वेळा उतरतं. कुणाचं मनापासून कौतुक करायचं असेल तर दुसरं वाक्य लिहू नका; समोरच्याला ते कोरडं वाटतं.

'आय ॲम व्हेरी फाइन' हे वाक्यही टाळा. ठीक असणं ही एक रेघ आहे, माणूस तिच्या अलीकडे असतो किंवा पलीकडे. तिला कमी-जास्त नसतं. म्हणून 'जस्ट फाइन', 'परफेक्टली फाइन', 'ॲब्सोल्यूटली फाइन' चालतं, 'व्हेरी' चालत नाही. बारीकपणाला आणि दर्जाला मात्र पायऱ्या असतात, तेव्हा 'व्हेरी फाइन पावडर', 'फाइनर', 'फाइनेस्ट' बिनधास्त वापरा. आजारातून उठलेला माणूस कालच्यापेक्षा 'फाइनर' नसतो, 'बेटर' असतो.

बोलण्यात तर हा शब्द होकार आणि नकार दोन्ही देतो. कुणी 'अजून वाढू का' असं विचारल्यावर 'आय ॲम फाइन, थँक्स' म्हणजे नको, पुरे. 'दॅट्स फाइन' म्हणजे चालेल. 'फाइन बाय मी' म्हणजे माझी हरकत नाही. आणि मेसेजमध्ये नुसतं 'फाइन' लिहून पुढे पूर्णविराम दिला, तर बरेच जण त्यात रुसवा वाचतात: 'बरं, कर तुला हवं ते.' तसा हेतू नसेल तर 'दॅट्स फाइन' असं पूर्ण लिहावं. उपरोधही असतोच. 'अ फाइन मेस' किंवा 'अ फाइन टाइम टू टेल मी' यांचं भाषांतर 'छान दिवे लावलेस' या सुरातच व्हायला हवं. इथे विरुद्ध शब्दाची युक्ती लागू पडत नाही, कारण बोलणाऱ्याला म्हणायचं असतं तेच मुळात उलटं.

तांत्रिक मजकुरात धोका वेगळा असतो. तिथे फाइन शब्द गुणवत्तेबद्दल काहीच सांगत नसतो, पण वाचणारा 'चांगला' असं समजून बसतो. काँक्रीटच्या कामात 'फाइन ॲग्रिगेट' म्हणजे साधारण ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडणारी वाळू. ती मातकट असली तरी फाइनच. धुतलेली आहे का हे वेगळं तपासावं लागतं. हवेतले २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण 'फाइन पार्टिकल्स' म्हणवतात आणि फुफ्फुसात खोलवर जातात म्हणून तेच जास्त घातक. बोल्टच्या आट्यांचंही तसंच. एम १० म्हणजे १० मिलिमीटर व्यासाच्या बोल्टच्या नेहमीच्या आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर, तर 'फाइन थ्रेड'मध्ये ते १.२५ किंवा १ मिलिमीटर. बोल्टवर किंवा यादीत नुसतं 'एम १०' लिहिलं असेल तर १.५चाच समजायचा. फाइन बोल्टला साधा नट लावला की एक-दोन फेरे फिरतो, मग अडकतो, आणि पान्याने जोर लावला की आटे जातात. पॉलिश पेपरवरचा आकडा जितका मोठा, तितका पेपर फाइन, हेही लक्षात ठेवा.

सोन्या-चांदीत फाइन म्हणजे शुद्ध आणि माप हजारात. ९९९ किंवा ९९९.९ हे फाइन गोल्ड, २२ कॅरेट म्हणजे ९१६. 'फाइन वेट' म्हणजे नाण्याचं एकूण वजन नव्हे, त्यातल्या शुद्ध धातूचं वजन. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगररँड हे एक औंसाचं सोन्याचं नाणं तराजूत ३३.९३ ग्रॅम भरतं, त्यात सोनं ३१.१ ग्रॅम असतं आणि उरलेलं तांबं.

नाणी जमवणाऱ्यांकडे तर कमालच. तिथे फाइन हा नाण्याच्या अवस्थेचा दर्जा आहे. १ ते ७० च्या शेल्डन श्रेणीत फाइनची जागा १२ ते १५, म्हणजे चांगलंच झिजलेलं नाणं. त्याच्या वर 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रीमली फाइन', आणि न वापरलेलं नाणं ६० पासून पुढे. जुन्या पुस्तकांच्या बाजारात मात्र 'फाइन' म्हणजे जवळपास निर्दोष प्रत. पुस्तकांच्या सवयीने नाण्यांची जाहिरात वाचली तर फसगत ठरलेली. आणि एकाच वर्णनात '.९९९ फाइन' नि 'कंडिशन फाइन' दोन्ही असू शकतात: पहिलं धातूबद्दल, दुसरं झिजेबद्दल.

क्रिकेटमध्ये फाइनच्या उलट 'स्क्वेअर'. दोन्ही टोकांच्या यष्ट्यांमधून जाणारी सरळ रेघ फलंदाजाच्या मागे वाढवली, तर त्या रेघेच्या जवळचं ते फाइन. क्षेत्ररक्षकाला 'फाइनर' जायला सांगितलं की तो यष्टिरक्षकाच्या मागच्या बाजूला सरकतो. हवामानाच्या संदर्भात 'इफ इट्स फाइन टुमॉरो' म्हणजे उद्या पाऊस नसेल तर. थंडी असली तरी बिघडत नाही. 'फाइन आर्ट'च्या उलट येते उपयोजित कला, म्हणून तिथे 'बारीक' नव्हे, ललित. 'फाइन प्रिंट' म्हणजे कराराच्या तळाशी बारीक अक्षरात दडवलेल्या अटी.

क्रियाविशेषणाचा एक खड्डा राहिला. यंत्र नीट चालत असेल तर 'इट वर्क्स फाइन' म्हणा, 'फाइनली' नको. 'फाइनली' बारीक चिरण्या-दळण्यासाठी राखून ठेवा. शिवाय घाईत उच्चारलं तर ऐकणाऱ्याला ते 'फायनली' वाटतं आणि 'एकदाचं' असा अर्थ लागतो. 'कटिंग इट फाइन'मध्ये मात्र काहीच चिरायचं नसतं: गाडी सुटायच्या मिनिटभर आधी फलाटावर पोचणाऱ्याला ते म्हणतात.