मुंबई–न्यूयॉर्क: अंतर आणि वेळेचा हिशेब

पहिल्यांदाच आई-बाबांचं तिकीट काढतोयस म्हणून सांगतो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किमी. हे ‘सरळ’ भिंतीवरच्या नकाशात शोधू नकोस. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघ, तो उत्तरेकडून पार स्वीडनवरून जातो!

ताशी ९०० किमी धरून भागाकार केलास तर १४ तास येतील, पण जाताना १५-१६ धर. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर आटोपतो. शिवाय विमान दरवेळी सरळ रेषेत जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरवावी लागली.

गोंधळ होतो तो घड्याळाचा. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे जानेवारीत रात्री दीडला निघालेलं विमान सोळा तास उडून त्याच तारखेला सकाळी सातला पोचतं. आणि हो, रात्री दीड म्हणजे तारीख बदललेली. १० तारखेचं विमान असेल तर ९ च्या रात्रीच घरून निघायचं. मधे विमान बदलायचं असेल तर तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नकोस, ज्येष्ठांची धावपळ होते.