मुलानसारखी हिरॉईन करायचीय? मग तलवार नंतर काढ

हे बघ, मुलान म्हणजे बापाऐवजी पुरुषवेशात सैन्यात जाणारी चिनी दंतकथेतली मुलगी. तुझ्या हिरॉईनची स्केचेस मस्त आहेत पण सगळ्यात ती तलवार उगारूनच उभी आहे, आणि स्ट्राँग म्हणजे मारामारी एवढंच असेल तर मग कुठलीही हिरॉईन चालेल, मुलानच कशाला पाहिजे? आधी मूळ चिनी पोवाडा वाच, उत्तर वेई या जुन्या चिनी राजघराण्याच्या काळातला मानतात, छोटासाच आहे. त्यात लढाई चार-सहा ओळींत उरकलीय! सुरुवातीला ती मागावर बसलीय आणि नुसते उसासे ऐकू येतायत, कारण सैन्यभरतीच्या 12 याद्या आल्यात आणि प्रत्येकीत बापाचं नाव, घरात मोठा भाऊ नाही. मग ती पूर्वेच्या बाजारात घोडा घेते, पश्चिमेला खोगीर, दक्षिणेला लगाम, उत्तरेला चाबूक. निर्णय झालाय हे कोणी बोलून दाखवत नाही, खरेदीतूनच कळतं. अ‍ॅनिमेशनला अजून काय हवं रे?

1998 च्या डिस्नीच्या सिनेमातला तो खांबाचा सीन फ्रेम-फ्रेम थांबवून बघ. हाताला बांधलेली जड वजनं सगळ्यांना खाली खेचतात, ही तीच एकमेकांत अडकवून वर चढते. ताकद तीच, डोकं वेगळं.

आणि हो, ते ड्रॅगन, लाल कंदील उगाच कोंबू नकोस, त्या काळचे कपडे, केशरचना नीट शोध. पोवाड्याच्या शेवटी राजा मोठं पद देतो, ती म्हणते नको, घरी जायला वेगवान वाहन द्या. आधी तो नकार देतानाचा चेहरा काढून पाठव मला, तलवारीचं मग बघू.