‘मॅडम, हिची पुस्तकं सोडवा’

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. बायकोने वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची यादी होती ती. 63 पुस्तकं. “सगळी एकाच साच्यातली,” ते म्हणाले. “दोन दुखावलेली माणसं, मोडायला आलेलं घर, मध्ये कुठेतरी प्रार्थना, आणि शेवटी सगळे एकमेकांच्या गळ्यात. मॅडम, हिची पुस्तकं सोडवा. मी त्यातल्या नवऱ्यासारखा नाही, हे मला रोज न बोलता ऐकवलं जातं.”

बाई मांडीवरच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाल्या, “वाचते. कुणाचं काय घेते?”

लग्नाला 17 वर्षं झालेली. भांडण नाही, व्यसन नाही, पैशाची ओढाताण नाही. (दोघांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

प्रेम, घर आणि श्रद्धा यांच्या गोड कथा वाचून माणूस आपल्याच संसारावर नाराज होतो का, ही काळजी घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. कधी नवरा येतो, कधी वयात आलेल्या मुलीची आई. कधी वाचणारी स्वतःच येते आणि चोरी पकडली गेल्यासारखं सांगते, “मला ही पुस्तकं आवडतात हो.” जाडजूड वैचारिक ग्रंथ वाचतो म्हणून कुणाला समुपदेशकाकडे आणल्याचं माझ्या पाहण्यात नाही. असो.

मी सुरुवातच चुकीची केली, हे आधी सांगते. नवऱ्याच्या बोलण्यातला त्रास खरा होता, त्या नादात मी त्याने लावलेलं निदानही खरं धरलं. “महिनाभर पुस्तकं बाजूला ठेवून बघू या का?” असं मी सुचवलं आणि बाईंनी मान डोलावली. इतक्या पटकन कुणी हो म्हटलं की सावध व्हायला हवं. मी झाले नाही.

तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन. “मॅडम, वाचू दे तिला. घरात असून नसल्यासारखी वावरतेय.” पुस्तक हातात असताना तिचं गप्प राहणं वाचनाच्या नावावर खपून जात होतं. पुस्तक गेलं आणि गप्पपणा तेवढा उघडा पडला.

मला हे आधी सुचायला हवं होतं. अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी प्रेमकथा वाचणाऱ्या सुमारे 40 बायकांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन आणि त्यांतल्या काहींशी सविस्तर बोलून 1984 मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. कथेत काय असतं यापेक्षा वाचायला बसणं म्हणजे काय, यावर त्या बायका भरभरून बोलल्या होत्या. दिवसभर सगळ्यांचं बघणारी बाई पुस्तक उघडते तेव्हा ‘थोडा वेळ मला हाक मारू नका’ असं सांगत असते. घरात तेवढी एकच खिडकी उघडी होती आणि मी तीच लावून घ्यायला सांगितली होती.

पुढच्या वेळी दोघांना वेगवेगळं भेटले. अशा भेटीत माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घरात कुणाची भीती वाटते का? आवाज चढला की अंग आक्रसतं का? या प्रकारच्या कथांत रागीट, तुटक नायक शेवटी मऊ होतो, आणि त्याचा आधीचा दुष्टपणाही प्रेमापोटीच होता असा उलगडा होतो. मार खाणाऱ्या किंवा धाकात जगणाऱ्या बाईने हा उलगडा घरी लावला तर तो जिवावर बेतू शकतो. तिथे मी पुस्तकांची चर्चा करत बसत नाही, आधी तिच्या सुरक्षिततेचं बघते. या घरात तसं काही नव्हतं. “ह्यांचा आवाजच नसतो,” बाई म्हणाल्या, “चढणार कुठून?”

मग त्यांना एक काम दिलं. हवं ते पुस्तक वाचा, पण हातात पेन्सिल ठेवा. जिथे घशाशी आवंढा येईल तिथे खूण करा. का, ते शोधू नका.

दोन आठवड्यांनी त्या पुस्तक घेऊन आल्या. 11 खुणा होत्या. नवऱ्याला ज्याची धास्ती होती तसली, म्हणजे मिठीची आणि चांदण्यातली खूण एकच. सहा ठिकाणी अगदी साध्या गोष्टी होत्या. ती ओझरतं बोलून गेलेलं त्याने लक्षात ठेवलं. हातातलं काम खाली ठेवून त्याने ऐकलं. कुणी भाग न पाडता माफी मागितली. मी मनातल्या मनात निष्कर्ष काढून मोकळी झाले होते: हिला राजकुमार नको आहे, हिला लक्ष हवं आहे. चुकीचा नव्हता तो, पण अर्धाच होता.

उरलेल्या चार खुणांपाशी नायिका प्रार्थना करत होती.

“या चारही ठिकाणी ती त्याला काही बोलत नाही,” बाई पानावर बोट ठेवून म्हणाल्या. “फक्त देवाला सांगते. आणि पुढच्या प्रकरणात तो बदललेला असतो.” जरा थांबून म्हणाल्या, “मी नऊ वर्षं तेच करतेय. माझी श्रद्धाच कमी पडत असणार.”

नऊ वर्षांपूर्वी त्यांचे वडील गेले. नवरा सगळीकडे धावला, कागदपत्रं, दवाखान्याची बिलं, नातेवाइकांचं येणं-जाणं. मग कामावर रुजू झाला, आणि त्या दिवसापासून त्याने घरात सासऱ्यांचं नाव काढलं नाही. एकदाही नाही. बाई वाट बघत राहिल्या. रोज रात्री देवाला सांगत राहिल्या की ह्यांना माझं दुःख कळू दे. नवऱ्याला मात्र एका शब्दाने सांगितलं नाही.

म्हणजे नवऱ्याचा आरोप भलत्याच ठिकाणी होता. पुस्तकांतल्या प्रेमाने काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं होतं ते त्यातल्या सोशिकपणाने: चांगली बाई बोलत नाही, ती धीर धरते, आणि तिचा धीर खरा असेल तर समोरचा आपोआप बदलतो. प्रेमाच्या अवास्तव अपेक्षांबद्दल सगळेच बोलतात. पण मुकाट वाट बघण्याचं हे शिकवणं सात्त्विक दिसतं, त्यामुळे त्यावर कुणी बोट ठेवत नाही. माझ्या मते या प्रकारच्या पुस्तकांतली खरी जपून वाचायची जागा ही आहे.

माझ्या खुर्चीत बसून देवाबद्दल मत देणं हे माझं काम नव्हे, आणि बाईंची श्रद्धा कमी करणं तर नव्हेच. पण धर्म आणि मानसशास्त्र यांवर आयुष्यभर काम केलेले केनेथ पार्गमेंट आणि त्यांचे सहकारी यांनी 1988 मध्ये मांडलेली एक गोष्ट त्यांना सांगितली. अडचणीत श्रद्धावान माणूस साधारण तीन रीतींनी वागतो. कुणी म्हणतो, देवाने बुद्धी दिली आहे, आता मीच बघतो. कुणी सगळं देवावर सोपवून स्वतः थांबतो. आणि कुणी देवाला सोबत घेऊन हातपाय हलवतो. तिघेही श्रद्धावानच. फरक एवढाच, की सगळं सोपवून थांबणाऱ्यांत ‘माझ्याने काही होतं’ हा विश्वास कमी आढळला.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांना हसू आलं, जरा ओशाळं. “म्हणजे मी तक्रार देवाकडे करत होते आणि उत्तर ह्यांच्याकडून मागत होते. ह्यांना बिचाऱ्यांना पत्ताच नाही.”

पुस्तकांबद्दलही बोललो आम्ही. अमेरिकेत प्रेमकथा लिहिणाऱ्यांची एक संघटना 1980 मध्ये स्थापन झाली, एके काळी ती बरीच मोठी होती. तिने या प्रकाराची व्याख्या दोनच गोष्टींत बसवली: केंद्रस्थानी प्रेमाची गोष्ट हवी, आणि शेवट मन भरवणारा, आशेचा हवा. म्हणजे गोड शेवट हा या प्रकाराचा वाचकाशी केलेला करार आहे. श्रद्धेच्या वाटेने जाणाऱ्या कथांत त्याला आणखी एक धागा जोडलेला असतो, माणसाचं देवाशी तुटलेलं नातं सांधण्याचा. लेखिकेला हे सगळं तीनेकशे पानांत उरकायचं असतं. तिथे प्रार्थनेला पुढच्या प्रकरणात फळ येतं, कारण पुढचं प्रकरण तिने लिहायचं ठरवलेलं असतं. घरातल्या वेळेला असं प्रकरण पाडता येत नाही.

दुसरी गोष्ट बाईंनीच काढली, आणि ती मला फार आवडली. अशा कथांत एक प्रकरण तिच्या मनातलं तर एक त्याच्या मनातलं असतं. तो गप्प असला तरी त्याच्या आत काय चाललंय ते वाचणारीला कळत असतं. “मला सवय झाली,” त्या म्हणाल्या, “की गप्प माणसाच्या आत खूप काहीतरी असतं. पण ह्यांच्या आतलं पान मला कुणी दिलं नाही. मग एक दिवस वाटलं, पानच नसेल.”

नंतरची भेट दोघांची. बाई बोलल्या, थरथरत, पण पूर्ण बोलल्या. मी मध्ये पडले नाही. नवरा ऐकत राहिला, मग म्हणाला, “तू रडशील म्हणून मी विषय काढायचो नाही.”

“मला रडायचंच होतं,” बाई म्हणाल्या.

इथे पुस्तक असतं तर प्रकरण संपलं असतं. प्रत्यक्षात तो चिडला, चांगलाच. “नऊ वर्षं मनात ठेवलंस? एकदा तोंडाने सांगायचं तरी! मी काय अंतर्यामी आहे?” त्याचं चुकत होतं असं मला वाटत नाही. नऊ वर्षं आपल्यावर खटला चालू होता आणि आपल्याला समन्सही नाही, हे कळल्यावर कुणाला राग येणार नाही? ते दोघं एकमेकांशी न बोलताच बाहेर पडले. पुढच्या भेटीला आले नाहीत. मी फोन केला तर “कामात आहोत.” पाच आठवडे गेले.

आले तेव्हा एकमेकांत काय झालं ते दोघांनीही सविस्तर सांगितलं नाही आणि मी उकरलं नाही. यावेळी काम नवऱ्याला दिलं: त्या 63 मधलं एक पुस्तक, बायकोने निवडलेलं, पूर्ण वाचायचं.

वाचून आले ते तक्रारींचा गठ्ठा घेऊन. “मॅडम, हा माणूस कामावर जातो कधी? पान 40 पासून ही बाई रडतेय आणि हा दर वेळी हजर! याला वरिष्ठ नाहीत? याचे दात कधी दुखत नाहीत?” बाई हसून हसून पुसटशा रडल्या. ते पुस्तक 17 वर्षांत दोघांनी मिळून वाचलेलं पहिलं होतं.

घरी काय बदलायचं, यावर मी फार थोडं सांगितलं. आधी बाई अधूनमधून म्हणायच्या, “हे बघा ना, काय छान लिहिलंय,” आणि नवरा फोनमधून मान न काढता “हं” म्हणायचा. त्याला वाटायचं की आपली तुलना चालली आहे. खरं तर ते बोलावणं होतं. जोडप्यांवर दीर्घकाळ संशोधन केलेल्या जॉन गॉटमन यांनी अशाच बारीकसारीक हाकांची मोजदाद केली. नवविवाहितांच्या अभ्यासात सहा वर्षांनंतरही एकत्र असलेल्यांनी अशा 100 हाकांपैकी सुमारे 86 हाकांना प्रतिसाद दिलेला होता, विभक्त झालेल्यांनी सुमारे 33. आकडे ऐकून नवऱ्याने विचारलं, “आणि ‘हं’ कशात मोजायचं?” मी म्हटलं, ते तुमच्या बायकोला विचारा. बाई म्हणाल्या, “मान वर करून म्हटलेलं चालेल.”

वाचनाची काळजी कधी करावी, हे विचारणाऱ्यांना मी पुस्तकांची संख्या विचारत नाही. पुस्तक मिटल्यावर ती व्यक्ती घरात कशी परतते, ते विचारते. थोडी सैल होऊन, काहीतरी सांगावंसं वाटून परतत असेल तर वाचू द्या. दर वेळी आणखी कडू होऊन परतत असेल, झोप आणि कामं मागे पडत असतील, तर पुस्तक काढून घेऊन उपयोग नाही, ती कशापासून पळून पुस्तकात शिरते आहे ते बघा. वयात आलेल्या मुलींच्या आयांना एवढंच सांगते की तेच पुस्तक तुम्हीही वाचा आणि भांडा त्यावर. लपवून ठेवलेल्या पुस्तकावर भांडताही येत नाही.

हे जोडपं आता येत नाही. शेवटच्या भेटीत बाईंनी पर्समधून एक पुस्तक काढलं. नवऱ्याने त्यातही खुणा केल्या होत्या, बहुतेक चेष्टेच्या. एका ठिकाणी समासात ‘सुट्टी मंजूर कुणी केली?’ असं लिहिलेलं. पान उलटताना एक खूण निराळी दिसली, साधी उभी रेघ, बाजूला काही लिहिलेलं नाही. मी वाचायला वाकले तर बाईंनी पुस्तक मिटलं.

“ते माझ्यासाठी आहे,” त्या म्हणाल्या.