आमचा मोठा ओपन-सोर्स प्रोजेक्ट अजून एसव्हीएनवर आहे, गिटवर न्यावा की मर्क्युरियलवर?

मी पण नाशिकचाच, दिवसा अंबडला नोकरी आणि रात्री ओपन-सोर्स, त्यामुळे तुमचं ते "निम्मी टीम कॉलेजरोडची पोरं आहेत" हे वाचलं तिथेच माझं उत्तर ठरलं. गिट घ्या. एसव्हीएन, गिट, मर्क्युरियल तिन्ही कोडमधले बदल नोंदवून ठेवायची टूल्स, पण ती पोरं गिट शिकूनच येतात, एसव्हीएनचं तर बऱ्याच जणांनी नावही ऐकलेलं नसतं. मर्क्युरियल वापरायला सोपं आहे, गिटपेक्षा कमांड पटकन कळतात, ते मी कधीही मान्य करेन, पण नवीन माणसाला पहिला पॅच (कोडमधला बदल) पाठवायच्या आधी अजून एक टूल शिक म्हटलं की तो तिथेच गळतो.

पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा बनवणाऱ्यांचंच बघा ना. 2009 ला त्यांनी बाझार, गिट, मर्क्युरियल ही तिन्ही टूल्स तपासून मर्क्युरियल निवडलं, 2011 ला एसव्हीएनवरून तिकडे गेले आणि 2017 ला परत सगळं बिऱ्हाड उचलून गिटहबवर (गिटचे प्रोजेक्ट ठेवायची साइट). मर्क्युरियल बिघडलं होतं असं नाही हो, रिव्ह्यूची, म्हणजे दुसऱ्याचा बदल तपासायची, सोय आणि बाहेरून येणारे लोक तिकडे होते. फायरफॉक्सने पण कितीतरी वर्षं मर्क्युरियलवर काढली, शेवटी गिटच. (गंमत म्हणजे गिट आणि मर्क्युरियल दोन्ही सुरू झाले एकाच महिन्यात, एप्रिल 2005, लिनक्स कर्नलवाले वापरायचे ते बिटकीपर नावाचं असंच टूल फुकट मिळायचं बंद झालं तेव्हा.)

म्हणून स्पीडचे बेंचमार्क वगैरे सोडा. रिव्ह्यू कुठे होणार आणि मर्ज कोण करणार, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये कोण घेणार, ते आधी ठरवा. कर्नलवाले आजही ईमेलवर पॅच घेतात, पण त्यांच्याकडे कोड सांभाळणारे तेवढे मेंटेनर आहेत, आपल्याकडे कुठे?

एकच गोष्ट अडेल, मोठ्या बायनरी फाइल्स. एसव्हीएनमध्ये हवं ते एकच फोल्डर चेकआउट करता येतं, फाइलला लॉक लावता येतं, गिट मात्र साधा क्लोन मारला (प्रोजेक्टची कॉपी घेतली) की अख्खी हिस्टरी खाली ओढतं, आणि सिन्नरहून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्या पोराचा डेटा तिथेच संपतो. कोडसाठी शॅलो किंवा पार्शल क्लोनने (थोडीच हिस्टरी किंवा लागतील तेवढ्याच फाइल्स आणणारा) भागतं. डिझाइनच्या जड फाइल्स एलएफएसमध्ये (मोठ्या फाइल्स वेगळ्या ठेवायची गिटची सोय) टाका नाहीतर सरळ एसव्हीएनवरच राहू द्या, काही बिघडत नाही.

हिस्टरी मात्र टाकून देऊ नका. एसव्हीएनच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) नुसतं युजरनेम असतं, गिटला नाव आणि ईमेल लागतो, तर ती यादी जुन्या लोकांना विचारून आत्ताच बनवा. आणि जुन्या बगमध्ये "आर 4521 मध्ये फिक्स केलं" असं लिहिलेलं असतं ना, म्हणून प्रत्येक कमिट मेसेजच्या खाली जुना रिव्हिजन नंबर ठेवा, एलएलव्हीएम या कंपायलर प्रोजेक्टने 2019 ला गिटवर जाताना तेच केलं.

तुमच्याकडे ट्रंक, ब्रँचेस, टॅग्ज अशी एसव्हीएनच्या फोल्डरची नेहमीची मांडणी आहे की कोणी मधेच फोल्डर हलवलेत ते कळवा, एसव्हीएनवरून गिटवर कन्व्हर्जनला कुठलं टूल लागेल ते त्यावर आहे.