अहिराणी शिकायला आलेली पाहुणी अन् राहून गेलेला सी फॉर्म

आप्पा, राम राम. तुमचा मेसेज दोनदा वाचला, पहिल्यांदा वाचताना हसू आलं आणि दुसऱ्यांदा नाही आलं.

म्हणजे झालं असं की तुम्ही अमळनेरचे रिटायर्ड मास्तर, पोलंडची एक पीएचडी करणारी पोरगी आपली खान्देशी बोली अहिराणी शिकायला आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी तुमच्याकडे आली, तुम्ही वरची खोली दिली, काकूंनी कळण्याची भाकर खाऊ घातली, तिने गल्लीतल्या बायांकडून गौराईची गाणी मोबाईलवर रेकॉर्ड केली, आता तिला श्रावणातला कानबाईचा सण पण बघायचाय, आणि इ-टुरिस्ट व्हिसावर लिहिलेले ९० दिवस संपायला १६ दिवस राहिलेत. त्यात परवा हवालदार दारात येऊन विचारून गेला की मास्तर, सी फॉर्म भरला का, आणि तुम्ही विचारलं कसला फॉर्म.

आधी तुमचं बघू, तिचं नंतर. परदेशी माणूस ज्याच्याकडे मुक्कामाला उतरतो त्याने ते चोवीस तासांच्या आत सरकारला कळवायचं असतं, तोच सी फॉर्म. लोकांना वाटतं हे हॉटेल-लॉजवाल्यांचं काम, पण तसं नाहीये, धर्मशाळा असो, गेस्ट हाऊस असो की तुमचं राहतं घर असो, सगळ्यांना लागू. भाडं घेतलं की फुकट ठेवलं याने फरक पडत नाही. आणि तुम्ही म्हणता की "मी पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती दिली होती ना", तर ती वेगळी आप्पा, ती भाडेकरू पडताळणी, ती केली म्हणजे सी फॉर्म भरला असं होत नाही. ही गल्लत शिकलेले लोक पण करतात, माझ्याकडे एक डॉक्टर याच घोळात आले होते.

आता काय करायचं, तर आजच करायचं. एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी ऑफिसच्या वेबसाईटवर घरमालक म्हणून रजिस्ट्रेशन करा, आधार, लाईट बिल जवळ ठेवा, ते मंजूर झालं की फॉर्म भरा. आणि हे नीट ऐका, तारीख खरीच टाका! तुमचा पुतण्या म्हणतो कालची तारीख टाकून द्या, कोणाला कळतंय, तर कळतंय, कारण तिच्या पासपोर्टवर विमानतळाचा शिक्का आहे आणि गल्लीतल्या वीस बाया सांगतील ती आखाजीला झोक्यावर बसली होती. उशीर ही एक चूक झाली, खोटी तारीख टाकली की त्याचं दुसरंच प्रकरण होतं. फॉर्मची प्रिंट आणि एक साधा अर्ज घेऊन जळगावला एसपी ऑफिसात जा, जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे अधिकारी एसपीच असतात, अर्जात लिहा की मला नियम माहीत नव्हता, कळल्याबरोबर भरला, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. त्या हवालदाराला पण एक झेरॉक्स द्या. दंड-समज काय होईल ते होईल, पण स्वतःहून गेलेला मास्तर आणि पकडून आणलेला मास्तर यात फार अंतर असतं.

आता पोरीचं. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झालाय, जुना १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट आणि नोंदणीचा १९३९ चा, दोन्ही गेले. मुदत संपल्यावर राहणं किंवा व्हिसाच्या अटी मोडणं याला तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून "पंधरा-वीस दिवस जास्त राहिली तर काय बिघडतं" हे डोक्यातून काढा.

तुम्ही विचारलं की इथेच रिसर्च व्हिसा करून मिळेल का. नाही मिळणार. इ-व्हिसा वाढतही नाही आणि बदलतही नाही. साध्या टुरिस्ट व्हिसात आजारपण किंवा भारतीय माणसाशी लग्न अशा मोजक्या कारणांना थोडी वाट असते (हे पुतण्याला सांगू नका). सुरतचा तो एजंट वीस हजारात करून देतो म्हणतो, तो फक्त वीस हजार घेईल. आणि नेपाळला जाऊन नव्या व्हिसावर परत यायचं म्हणता, तर तोही व्हिसा टुरिस्टच राहणार, मूळ प्रश्न तिथल्या तिथे.

मूळ प्रश्न दिवसांचा नाहीच, कामाचा आहे. टुरिस्ट व्हिसावर फिरता येतं, ओळखीच्या लोकांकडे राहता येतं, आणि गंमत म्हणजे स्थानिक भाषा, गाणं, स्वयंपाक असलं काही शिकता पण येतं, सहा महिन्यांच्या आतलं, सर्टिफिकेट न देणारं, रीतसर कोर्स नसलेलं. म्हणजे तुमच्या ओसरीवर बसून "कसं काय शे, बरं शे" शिकणं यात गुन्हा नाही. पण त्याच बायांची गाणी पीएचडीसाठी रेकॉर्ड करायची, वही घेऊन गावोगाव फिरायचं, तो रिसर्च झाला, त्याला रिसर्च व्हिसा लागतो. रेष बारीक आहे आणि ती कुठे ओढायची हे साहेब ठरवतो, आपण नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या सोआस विद्यापीठातल्या हिंदीच्या नामवंत अभ्यासक फ्रान्चेस्का ऑर्सिनी यांना व्हिसा असूनही दिल्ली विमानतळावरूनच परत पाठवलं, बातम्यांत सरकारी सूत्रांनी सांगितलं की आधीच्या भेटीत व्हिसाच्या अटी मोडल्या म्हणून नाव ब्लॅकलिस्टमध्ये होतं, आणि बाईंचं म्हणणं की मला कारणच सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या विदुषीचं असं झालं तर तुमच्या पोरीने तर आयुष्यभर खान्देशावर काम करायचंय. मला स्वतःला हा नियम भाषेच्या अभ्यासकांसाठी जरा जास्तच कडक वाटतो, पण माझ्या वाटण्यावर व्हिसा निघत नाही.

म्हणून माझा सल्ला, उद्यापासून रेकॉर्डिंग बंद, ९० दिवसांच्या आत तिकीट काढून घरी, आणि वॉर्साच्या भारतीय दूतावासात रिसर्च व्हिसाचा अर्ज. जाण्याआधी मात्र इथे एक काम करून जावं, कारण सगळं अडतं ते तिथेच. भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थेचं पत्र, की ही बाई आमच्याशी संलग्न राहून हे संशोधन करणार आहे. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जा, भाषांच्या विभागात भेटा, तुमचे जुने विद्यार्थी तिथे असतीलच. सोबत लागतं ते संशोधनाचं टिपण, आधीच्या भेटींचा तपशील, खर्च कोण करणार त्याचा पुरावा आणि कुठेकुठे जाणार त्या गावांची यादी. यादी सढळ हाताने लिहा, नुसतं "जळगाव जिल्हा" नको, साक्री, शिरपूर, नंदुरबार, जिथे जिथे बोली ऐकायची ते सगळं, मागून नाव घालायला गेलं की प्रश्न सुरू होतात.

अजून एक, तुम्ही मेसेजच्या शेवटी सहज लिहिलंय की शिरपूरकडे पावरा आदिवासी बायांकडून ती जडीबुटीची माहिती पण घेणारे. तिथे थांबा. वनस्पती आणि त्यांच्याबद्दलचं पारंपरिक ज्ञान परदेशी माणसाने संशोधनासाठी घ्यायचं तर जैविक विविधता कायदा २००२ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. गाण्यात कडुलिंब आला तर काही व्हस नही, पण कोणत्या आजाराला कोणती मुळी हे वहीत गेलं की मामला वेगळा. ते या पीएचडीतून काढूनच टाका.

नवा व्हिसा घेऊन ती आली आणि तो १८० दिवसांपेक्षा जास्तीचा असला, तर उतरल्यापासून १४ दिवसांत इ-एफआरआरओवर नोंदणी करायची, ती तिने स्वतः. पासपोर्ट, फोटो, विद्यापीठाचं पत्र, राहण्याचा पुरावा असं अपलोड करायचं. त्यातलं राहण्याचं तुमच्याकडून जाणार, तेव्हा एक साधा करार करून ठेवा. पत्ता बदलला, तुमच्याकडून धुळ्याला गेली, तर तेही कळवायचं. आणि तुमचा सी फॉर्म परत नव्याने, ती दारात आली की त्याच दिवशी, मागचा भरलाय म्हणून चालणार नाही.

यंदाची कानबाई हुकेल तिची, काकूंना सांगा व्हिडिओ कॉलवर रोट दाखवा. एसपी ऑफिसची पोच मिळाली की फोटो पाठवा मला, आणि सही-शिक्का नसलेली देत असतील तर तिथूनच फोन लावा.